इंजिन पार्टीची मार्था

मार्था साळवे अंबाड्यात दोन काड्या खोचून फिरायची. गावातल्या बाकीच्या बायका अबोलीचा गजरा माळायच्या, फार तर एखादा गुलाब. हिच्या अंबाड्यात पेरूच्या लाकडाच्या, टोकाला घासून गोल केलेल्या, ड्रम वाजवायच्या दोन काड्या असायच्या. नव्या माणसाला वाटायचं, बाई स्वयंपाकघरातून घाईनं उठून आली आणि हातातलं काहीतरी केसात तसंच राहून गेलं. मलाही तसंच वाटलं होतं. मी भीत भीत म्हणालो, "मार्थाबाई, तुमच्या केसात काहीतरी अडकलंय." तिनं काड्या उपसल्या, माझ्या टेबलावर कडाडकड असा एक तुकडा वाजवला, परत खोचल्या आणि म्हणाली, "अडकलेलं न्हाई गुरुजी, ठेवलेलं हाय."

मी तेव्हा राहुरीपासून दोन कोसांवर, मुळेच्या कालव्याकाठच्या एका गावात प्राथमिक शाळेत मास्तर होतो. वय चोवीस, लग्न व्हायचं होतं, आणि खोलीवर करमणुकीला एक बेंजो होता. शहाणे लोक ज्याला बुलबुलतरंग म्हणतात तोच हा: तारांवर टाइपरायटरसारखी बटणं, डाव्या हातानं ती दाबायची आणि उजव्या हातानं तारा छेडायच्या. मी बेंजो काढला की शेजारी दार लावून घ्यायचे. मी आपला समजायचो, थंडी फार पडली आहे.

शाळेच्या ओसरीत बालवाडी भरायची आणि मार्था तिची बाई होती. एकवीस-बावीस वर्षांची, उंच, आवाज जरा घोगरा. कुठलीही वस्तू वाजवून पाहिल्याशिवाय मार्थाचं त्या वस्तूबद्दल मत बनत नसे. राहुरीच्या बाजारात ती घागर घ्यायला बसली की दुकानदार वैतागायचा, कारण ती सगळ्या घागरी काडीनं वाजवून बघायची आणि शेवटी म्हणायची, "ह्या समद्या एकाच सुरात बोलत्यात, मला दुसरी दाखवा." नवीन दार बसवलं की दारावर टकटक, कलिंगड घेतलं की कलिंगडावर. एकदा तिनं आमच्या हेडमास्तरांच्या टोपीवरही काडी उचलली होती, पण वेळीच आवरली.

बालवाडीतलं पोर रडत तक्रार घेऊन आलं की तिचं ठरलेलं वाक्य असायचं: "आधी वाजव, मग बोल." पोरासमोर एक उपडा डबा ठेवायची. पोर हुंदके देत डबा बडवायचं, दोन मिनिटांत त्याचं त्यालाच हसू यायचं आणि काय झालं होतं ते सांगायचं राहून जायचं. मोठ्या माणसांनाही ती हेच ऐकवायची. सरपंच एकदा ओसरी खाली करा म्हणून सांगायला आले, तर त्यांच्याही समोर डबा सरकवला. सरपंचांनी इकडेतिकडे बघून दोन ठोके दिले. ओसरी काही खाली झाली नाही.

ड्रम तिच्या घरातच होता. तिचे वडील योहान साळवे यांचा ब्रास बँड होता. राहुरी, देवळाली, बेलापूर, थेट कोपरगावपर्यंत लग्नाच्या वरातीत तो वाजायचा. साळवेबाबा स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. शिस्तीचे फार. वरात नाचत असो की भांडत असो, यांचा लाल कोट गळ्यापर्यंत बटणं लावलेला. मार्था आठ वर्षांची असताना बँडातला साईड ड्रमवाला मुंबईला गिरणीत गेला आणि बाबांनी पोरीच्या गळ्यात ड्रम अडकवला. सहा वर्षं ती वरातीपुढं वाजवत चालली. चौदाव्या वर्षी बाबांनी ड्रम काढून घेतला आणि पुतण्या थॉमसला दिला. मोठी झालेली पोर वरातीत बरी दिसत नाही, एवढंच कारण. मार्थानं वाद घातला नाही. तिनं पेरूची फांदी तोडली, नव्या काड्या केल्या आणि केसात खोचल्या. त्या केसात होत्या तोवर तिच्या लेखी प्रश्न मिटलेला नव्हता.

आमची सुरुवात गुऱ्हाळावर झाली. दत्तू नावाचा एक शेतकऱ्याचा पोरगा होता, वीसेक वर्षांचा, कॉलेज अर्धवट सोडून आलेला. जुन्या पाटाची फळी कापून त्यानं स्वतः गिटार केली होती. तारा तेवढ्या नगरहून आणलेल्या. त्याच्या चुलत्याचं गुऱ्हाळ गावाबाहेर होतं. हंगाम सुरू झाला की शाळेतल्या सगळ्यांना एका शनिवारी रस प्यायला बोलवायची त्यांची रीत होती. आम्ही गेलो तेव्हा ऊस पिळायचा चरक चालू होता. तो चालवणारं ऑईल इंजिन खोपीच्या कोपऱ्यात ढग् ढग् करत होतं. काहिलीत रस उकळत होता आणि गूळ बनवणारे किसननाना, म्हणजे तिथले गुळव्या, लांब दांड्याचं फावडं घेऊन उभे होते. दत्तूनं गिटार आणली होती, मी बेंजो नेला होता. सगळे आम्हाला काही वाजवा म्हणाले. आम्ही सुरू केलं आणि पाच मिनिटांत दोघं दोन गावांना गेलो.

"थांबा," मार्था म्हणाली. ती इंजिनाजवळ गेली, डोळे मिटून उभी राहिली. मग काकवीचा रिकामा डबा ओढला, केसातल्या काड्या काढल्या आणि इंजिनाच्या ठोक्यावर ठोका धरला. इंजिन ढग् म्हणालं की ही दोनदा कडकड. "आता ह्याच्या मागं या," ती ओरडली. आम्ही गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदा तालात वाजवलं, आणि ते मला इतकं आवडलं की रस प्यायचा राहिला. काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारणारी माणसं थांबून बघायला लागली. किसननानांचं फावडं तालात हलायला लागलं. ते म्हणाले, "ह्यो गूळ आज लवकर उतरंल."

त्या दिवसापासून शाळा सुटली की आम्ही तिघं गुऱ्हाळावर. गाणी आमचीच, कारण दुसऱ्यांची आम्हाला धड वाजवता येत नव्हती. दत्तू गायचा आणि शब्द तिघं मिळून जुळवायचो. एक होतं एस. टी. चुकल्याचं:

एस्टी आली, एस्टी गेली,
म्या हात केला, ती न्हाई थांबली!

दुसरं विहिरीत पडलेल्या तांब्याचं. तिसरं माझ्या चष्म्यावर होतं, त्याबद्दल मी अधिक सांगणार नाही. मार्थाचा नियम एकच होता: गाणं दोन मिनिटांत संपलं पाहिजे. दत्तूला मधे आलाप घ्यायची हौस होती. त्यानं तोंड उघडलं की ती काडी रोखायची. "लोकं काम टाकून ऐकत्यात. सांगायचं ते सांग आन् खाली बस." कुणी जरा सावकाश वाजवा म्हणालं की विचारायची, "हळू वाजवायला कुनी मेलंय का?"

त्या हिवाळ्यात आमचं नाव पसरलं ते गुऱ्हाळागुऱ्हाळानं. थिएटर नाही, मांडव नाही, हँडबिल नाही. एका गुऱ्हाळावरचा गाडीवान दुसऱ्याला सांगायचा आणि रविवारी आमच्यासाठी बैलगाडी यायची. तिथं पोचलो की इंजिन चालू असायचंच. ट्रकच्या बॅटरीवर दत्तूनं एक भोंगा जोडला होता, त्यातून माझा बेंजो असा काही कडाडायचा की पहिल्यांदा मीच दचकलो. शेतकी कॉलेजची पोरं सायकली हाणत यायची आणि चिपाडांच्या ढिगावर चढून नाचायची. कुठलं इंजिन जुनं, खोकणारं असायचं, त्या गुऱ्हाळावर गाणीही खोकत खोकत जायची. चरकात ऊस जास्त घातला की इंजिन दबायचं आणि आमचं गाणंही मधेच जड व्हायचं, ऊस पिळून निघाला की पुन्हा पळायला लागायचं. लोकांना वाटायचं, ही मुद्दाम बसवलेली करामत. किसननानांनीच आम्हाला नाव दिलं, इंजिन पार्टी.

चांगल्या लोकांनी नाकं मुरडली, ते ओघानंच आलं. हेडमास्तर मला म्हणाले, "चिपाडावर वाजवणारा मास्तर मी प्रथमच पाहतो." चर्चचे पाळकसाहेब समज द्यायला थेट गुऱ्हाळावर आले. मार्थानं त्यांना बाजेवर बसवलं, रसाचा पेला दिला आणि आम्ही तीन गाणी वाजवली. साहेबांनी तीन पेले घेतले. निघताना खूप विचार करून म्हणाले, "नाताळात एवढं जोरात नको." त्यांचा पाय किती वेळ हलत होता ते मी पाहिलं होतं.

ड्रमचं मात्र व्हायचं ते झालं. लग्न नसेल त्या दिवशी मार्था घरातला ड्रम गुपचूप उचलून आणायची आणि संध्याकाळी खुंटीला लावून ठेवायची. एका रविवारी किसननानांच्या फावड्यावरची गरम काकवी उडाली ती ड्रमच्या कातड्यावर. पुसली, पण नीट पुसली गेली नाही. दुसऱ्या दिवशी देवळालीला मोठ्या घरची वरात होती. थॉमसनं ड्रम गळ्यात अडकवला, पहिली काडी मारली आणि ती चिकटली. कातड्यावर मुंग्यांची रांग लागली होती. थॉमस काडी मारायचा आणि झटकायचा, मारायचा आणि झटकायचा. थोड्या वेळानं मुंग्या त्याच्या बाहीत शिरल्या आणि तो नवरदेवाच्या पुढं असा नाचला, की वऱ्हाडी म्हणाले, बँडवाला लई हौशी हाय.

साळवेबाबा घरी आले ते कोटाची बटणंही न काढता. मी आणि दत्तू तिथंच होतो, पळायला वाव नव्हता. बाबा ओरडले नाहीत. ड्रम मार्थापुढं ठेवला आणि म्हणाले, "बोट लाव."

मार्थानं लावलं. बोट चिकटलं.

"वीस वर्सं वाजवतोय मी. माझ्या वाद्याला कदी मुंगी लागली न्हाई. ही तुमची पार्टी. चिपाडावर वाजवायचं, लोकं रस पीत उबी. त्याला वाजवनं म्हनत्यात व्हय? खुर्चीत बसल्याला मानूस उटून जात न्हाई, त्याला वाजवनं म्हनत्यात."

"बसवू की खुर्चीत," मार्था म्हणाली.

योगायोगानं त्याच आठवड्यात कॉलेजच्या पोरांनी आमचं नाव नगरला एका मंडळाकडं दिलं होतं. हौशी वाद्यवृंदांचा कार्यक्रम, मोठा हॉल, रविवारची दुपार, प्रत्येकाला अर्धा तास. मार्थानं तिथंच बाबांशी सौदा केला. अर्धा तास पुरा वाजवायचा. खुर्च्या रिकाम्या झाल्या नाहीत तर ड्रम तिचा, कायमचा. झाल्या तर सोमवारी ड्रम थॉमसच्या घरी जाईल आणि ती पुन्हा मागणार नाही. बाबांनी तिच्या अंबाड्याकडं बघितलं. "काड्या बी द्याव्या लागतील," ते म्हणाले. तिनं हात वर नेऊन काड्या एकदा चाचपल्या. मग म्हणाली, "देईन."

आम्ही जिवाचं रान केलं. रोज गुऱ्हाळावर, सहाच्या सहा गाणी, पुन्हा पुन्हा. किसननाना नगरला येऊ शकत नव्हते. काहील चुलवाणावर असताना गुळव्या कुठं जाणार? त्यांनी आम्हाला अर्धी ढेप गूळ बांधून दिला आणि म्हणाले, "भिऊ नका. हितल्यावानीच वाजवा."

नेमकं तेच आम्हाला जमणार नव्हतं, पण ते आमच्या तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

नगरचा हॉल छान होता. खुर्च्या, पंखे, मखमली पडदा. आमच्या आधीच्या वाद्यवृंदातल्या लोकांनी पांढरे बूट घातले होते. मी माझी चप्पल मागं ओढली. पडदा वर गेला. समोर अडीचशे-तीनशे माणसं, आणि शेवटच्या रांगेत लाल कोट घालून, हाताची घडी घालून साळवेबाबा. निवेदकानं आमचं नाव सांगितलं आणि तो आत गेला. हॉल शांत झाला.

आणि आम्ही उभे राहिलो.

मी बटणांवर बोटं ठेवून उभा, दत्तू तारांवर हात ठेवून उभा, मार्थाच्या काड्या हवेत. मी तिच्याकडं बघतोय, ती दत्तूकडं, दत्तू माझ्याकडं. अर्धं मिनिट गेलं. पंखा फिरत होता. कुणीतरी खोकलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आम्ही तिघं इंजिनाची वाट बघतोय. आजवर एकही गाणं आम्ही स्वतः सुरू केलं नव्हतं. इंजिन आधीपासून चालू असायचं, आम्ही त्यात शिरायचो. एक-दोन-तीन-चार म्हणून गाणं उचलायचं असतं, हे जगातल्या लहान पोरांनाही ठाऊक असलेलं आम्ही कधी केलंच नव्हतं.

मार्थाच्याही ते ध्यानात आलं. ती हळूच म्हणाली, "मोजते." आणि मोजलं: "एक, दोन, तीन, चार." दत्तू एकावरच सुटला. मी चारावर शिरलो. ती पाचाची वाट बघत राहिली. तिघांची अशी काही टक्कर झाली की पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी कानावर पदर घेतला. लोक हसले. दोन गृहस्थ उठले, धोतर सावरलं आणि दाराकडं निघाले. साळवेबाबा हलले नाहीत, पण त्यांनी मान खाली घातली. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्या वेळी त्यांच्याबद्दलच वाईट वाटलं.

मार्थानं ड्रम खाली ठेवला आणि बाजूच्या दारानं स्टेजवरून निघून गेली. मला वाटलं, गेली रडायला. दत्तू तर गिटार पिशवीत घालायला लागला. एवढ्यात बाहेरच्या बोळातून आवाज आला. फट् फट् फट् फट्. आवाज जवळ आला. बाजूचं दार सताड उघडलं आणि दारात एक फटफटी दिसली, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवलेली. तिच्यावर मिशीवाला दूधवाला बसलेला, चेहऱ्यावर आपलं काय होतंय ते न कळल्याचा भाव. मार्था त्याला सांगत होती, "मामा, बंद करू नका. फकस्त बसून ऱ्हावा. अर्धा तास."

"अगं पन दूध..."

"दूध कुटं जातंय? गानं जाईल माझं."

ती धावत आली, ड्रम गळ्यात घातला आणि फटफटीवर ठोका धरला. आम्ही शिरलो. जीव भांड्यात पडला, पण लगेच दुसरी गोष्ट कळली. फटफटी ऑईल इंजिनाच्या दीडपट वेगानं पळत होती. एस. टी. आली आणि गेली, तिला हात करायलाही वेळ मिळाला नाही. तांब्या विहिरीत पडला तो तळाशीच. लोकांनी आधी तोंडात बोटं घातली, मग टाळ्या सुरू केल्या. दाराशी पोचलेले ते दोन गृहस्थ तिथंच उभे राहून बघायला लागले. सहा गाणी संपली. मी हॉलच्या घड्याळाकडं बघितलं, तर दहा मिनिटं झाली होती. दोन-दोन मिनिटांच्या सहा गाण्यांनी अर्धा तास भरत नाही, हा हिशेबही आम्ही कुणी केला नव्हता.

सौदा अर्ध्या तासाचा होता. दत्तूनं माझ्याकडं बघितलं, मी मार्थाकडं. ती हसत होती. "पुन्यांदा," म्हणाली.

आम्ही तीच सहा गाणी पुन्हा वाजवली. एव्हाना लोकांची पाठ झाली होती. "म्या हात केला" म्हटलं की तीनशे माणसं हात वर करून ओरडायची, "ती न्हाई थांबली!" दूधवाला आता रंगात आला होता. त्याला आपण पार्टीत सामील आहोत हे पटलं आणि तो अधूनमधून मूठ पिळून वेग वाढवायला लागला. मार्था त्याच्यावर काडी रोखायची तसा तो पुन्हा खाली यायचा. कानावर पदर घेतलेल्या बाई आता पदर सोडून टाळ्या वाजवत होत्या. माझ्या चष्म्याचं गाणं आलं तेव्हा तीनशे माणसांनी मिळून माझी टर उडवली आणि मला ते फार आवडलं, खोटं कशाला सांगू. तिसऱ्यांदा वाजवायला लागलो तेव्हा कुणी बसलेलंच नव्हतं. म्हणजे सौद्यातल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, पण गेलं कुणी नव्हतं. निवेदकानं येऊन वेळ संपली म्हणून हात जोडले तेव्हा आम्ही थांबलो.

परतीच्या टेम्पोत साळवेबाबा पुढं बसले होते. मार्था काड्या मांडीवर घेऊन बसली होती, केसात खोचल्या नव्हत्या. राहुरी जवळ आली तेव्हा बाबा मागं वळले.

"शेवटची दोन गानी गाडी बंद हुती."

आम्ही बघतच राहिलो.

"पेट्रोल संपलं त्याचं. तो नुस्ता बसल्याला हुता. कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. तुमच्या बी." मग जरा वेळ रस्त्याकडं बघून म्हणाले, "दोन गानी. एकलीनं वडली सगळ्यांना. ठोका तसूभर हलला न्हाई."

मार्थानं काड्या उचलून अंबाड्यात खोचल्या आणि टेम्पोच्या भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जाताना साळव्यांच्या अंगणातून गेलो. बाबा ड्रम पुढ्यात घेऊन बसले होते. कडेवरची 'साळवे ब्रास बँड' ही अक्षरं खरवडून काढली होती आणि तांबड्या रंगानं ते स्वतः लिहीत होते, 'इंजिन पार्टी'. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मुंगी लागू देऊ नका म्हनावं."

त्यानंतर मार्थानं आम्हाला मोजायला शिकवलं. तोंडानं नाही, काडीवर काडी मारून, चार टिचक्या. आम्ही श्रीरामपूरला वाजवलं, कोपरगावला वाजवलं, पुणतांब्याला गोदावरीच्या घाटावर वाजवलं. साखर कारखान्यांच्या वसाहतींत तर आमच्या नावानं लहान पोरं डबे बडवायची. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, ऊस वाळला, गुऱ्हाळं गार झाली. मला वाटलं, संपलं आता. मार्था म्हणाली, "इंजिन न्हाई तर काय, मानसं हायती." खडी फोडायच्या कामावर दुपारच्या सुट्टीत आम्ही जाऊन वाजवायचो. भाकरी सोडून उठलेल्या बायका हातोड्या घेऊन दगडावर ताल धरायच्या. तितकी मोठी इंजिन पार्टी नगरलाही झाली नव्हती. किसननानाही तिथंच खडी फोडायला होते. ते मुकादमाला सांगायचे, "हे आमच्या गुऱ्हाळावरचं हाय."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मार्थाला मिरजेला नर्सिंगच्या शिक्षणाला जागा मिळाली. ती जाणार हे कळलं तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी नीट बोललो नाही. मला वाईट वाटलं होतं आणि ते झाकता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या टेबलावर उपडा डबा आणून ठेवला. "आधी वाजवा, मग बोला." मी वाजवला. बोलायचं मग काही उरलं नाही.

राहुरीच्या स्टँडवर सकाळची गाडी होती. मी आणि दत्तू गेलो होतो. साळवेबाबा लाल कोट घालून आले होते, गळ्यापर्यंत बटणं लावून, हातात ड्रम. कंडक्टर म्हणाला, "हे टपावर टाका, बाबा."

"टपावर न्हाई," बाबा म्हणाले. "ती वाजवती."

कंडक्टरनं त्यांच्या कोटाकडं बघितलं आणि वाद सोडून दिला. बाबांनी आत चढून ड्रम मार्थाच्या मांडीवर ठेवला, कातड्यावरून एकदा बोट फिरवून बघितलं आणि खाली उतरले. ती खिडकीशी बसली होती. दत्तूला निरोपाचं बोलायचं होतं, पण त्याला आलाप घ्यायची सवय होती आणि तिनं नुसतं बघितल्यावर तो गप्प बसला. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली. गाडी हलली.

तेव्हा मार्थानं अंबाड्यातल्या काड्या काढल्या, दोन्ही हात खिडकीबाहेर घातले आणि काडीवर काडी मारली. चार टिचक्या.

स्टँडवर आम्ही तिघं उभे होतो, मी, दत्तू आणि साळवेबाबा. कुणाच्या हातात वाद्य नव्हतं. पण चौथ्या टिचकीनंतरच्या एकावर आम्हा तिघांचे पाय फरशीवर एकदम पडले.